हाक आली की पाय टेकायचा

चि. पोरीस,

तू पाठवलेलं सायकल सहलीचं वेळापत्रक आणि त्याखालचे नियम मी नीट वाचले. कोल्हापूर ते कन्याकुमारी, बेंगळुरूमार्गे, तेराशे किलोमीटरच्या आसपास. त्याला दहाने भागलंस आणि रोजचे 130 ठरवलेस. त्यावर पुढे बोलते. आधी चौथा नियम: ‘ठरलेल्या थांब्याशिवाय कुणी थांबायचं नाही आणि अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही.’ हा नियम खोड. आजच खोड.

गगनबावड्याच्या सरावात काय झालं ते तू सविस्तर लिहिलं आहेस. परतीला कळे गावाच्या अलीकडे गुऱ्हाळावरून हाक आली, तुमच्यातली दोन पोरं थांबली, बाकीचे फुलेवाडीला ताटकळले आणि भर रस्त्यात भांडण झालं. त्यांना आणायला तू मागे गेलीस, तर गुळव्याने तुझ्याही हातात काकवीची वाटी ठेवली. तू शंभराची नोट पुढे केलीस आणि तो काही न बोलता काहिलीकडे वळला. ‘इतकं ओशाळल्यासारखं झालं, त्यापेक्षा न थांबलेलं बरं’ असं तुझं म्हणणं.

अगं, गुळव्या काहिलीजवळून हलत नाही. रस उकळत आला की मळी काढायची, रंग बघायचा, पाक बोटावर घेऊन बघायचा. उतरवायला जरा उशीर झाला की अख्खी काहील बिघडते, आणि ती बिघडली तर शेतकऱ्याचं नुकसान. तो माणूस ते सोडून तुझ्यासाठी वाटी शोधून, धुऊन, भरून घेऊन आला. त्याची किंमत तू शंभर केलीस. तो रागावला नाही, त्याला वाईट वाटलं. आणि त्यावर तुझा उपाय काय, तर यापुढे कुणाकडे बघायचंच नाही!

माझा एकच नियम आहे आणि तो मी मरेपर्यंत सांगत राहणार: हाक आली की पाय टेकायचा. पायडल थांबवायचं, पाय जमिनीला लावायचा, ‘कुठनं आलायसा?’ या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं. पुढे चहा घ्यायचा की नाही, बसायचं की निघायचं, हे मग ठरव. पण पाय टेकायचाच. हात हलवून पुढे निघून जाण्यासाठी सायकल कशाला हवी? त्याला वातानुकूलित बस आहे, रात्री बसलं की सकाळी बेंगळुरू.

तुला वाटेल, काकूंच्या काळी ठीक होतं. आमच्या काळीही सगळे हेच म्हणायचे, की तुमच्या आधी ठीक होतं. आम्ही सायकलवरून कन्याकुमारीला गेलो तेव्हा एनएच-4, म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवे, दुपदरी होता. समोरून ट्रकला ट्रक ओलांडून आला की सायकल साइडपट्टीच्या मातीत घालावी लागे. तशीच घालताना हिरियूरच्या पुढे दिवस कलता कलता माझ्या मागच्या चाकाचे स्पोक तुटले. तेही चेनच्या बाजूचे. ते बदलायला फ्रीव्हील उतरवावं लागतं आणि ते उतरवायचं हत्यार आमच्यात कुणाकडे नव्हतं. चाक ब्रेकला घासत होतं. ब्रेक सोडवला आणि सायकल ढकलत निघाले.

एका फाट्यावर सायकलचं दुकान होतं, म्हणजे लाकडी खोकं. म्हातारा मिस्त्री फळ्या लावून घरी निघालेला. त्याने माझ्या चाकाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, ‘ऊटा आयता?’ जेवलीस का, एवढंच. निपाणी-बेळगावकडच्या नात्यागोत्यांमुळे तेवढं कानडी आम्हाला समजत होतं. मी ‘नाही’ अशी मान हलवली. त्याने पोराला घराकडे पिटाळलं आणि लावलेल्या फळ्या पुन्हा काढल्या.

फ्रीव्हील उतरवलं, स्पोक घातले, आणि मग रिमचा बाक काढायला बसला. चाक फिरवत ठेवायचं आणि कडेला खडू धरायचा. जिथे खडू उमटेल तिथला रिम बाहेर आलाय. तिथले स्पोक चावीने थोडे आवळायचे, थोडे सैल सोडायचे, फडक्याने खडू पुसायचा, पुन्हा फिरवायचं. कितीदा पुसलं असेल! आम्ही ‘पुरे पुरे’ म्हणत होतो, पण खडूची रेघ चाकभर सारखी उमटेपर्यंत त्याने ते चाक हातातून सोडलं नाही. तोवर त्याची बायको नाचणीचे गरम मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि सार घेऊन आली. मुद्दा चावायचा नसतो, तोडून सारात बुडवून गिळायचा असतो, हे तिने स्वतः एक घास खाऊन आम्हाला दाखवलं. रात्री त्यांच्या ओसरीवर झोपलो.

सकाळी त्याने स्पोकचे आणि मजुरीचे पैसे घेतले. मोजून घेतले. जेवणाचे म्हणून आमच्यातल्या एकाने वर नोट धरली, तर म्हाताऱ्याने त्याची मूठ मिटली आणि तशीच मागे ढकलली.

तुला हवा तो हिशेब तिथेच आहे. दुकान असेल तिथे घासाघीस न करता पैसे द्यायचे, कारण ते त्याचं पोट आहे. उंबरा असेल तिथे पाकिटाला हात लावायचा नाही. ताट धुऊन ठेव, त्यांच्या पोराला सायकलवरून एक चक्कर मारून आण, म्हातारीच्या पाया पड. गुऱ्हाळावर काकवीचा डबा विकत घेतलास तर त्याचे पैसे दे, वाटीचे नको देऊस. इतकं सोपं आहे हे, आणि तुम्ही शिकलेली पोरं त्यावर नियम लिहीत बसता.

त्या मुक्कामामुळे आमचं वेळापत्रक मोडलं, आणि मी त्यानंतरही प्रत्येक हाकेला पाय टेकत राहिले. तुमकूरला ग्रुप फुटला. काही जण म्हणाले, हिच्या नादाने गेलो तर रजा संपेल आणि समुद्र दिसायचा नाही. ते पुढे गेले. आम्ही उरलेले सिद्धगंगा मठात पंगतीला बसलो. हजारो मुलं राहून शिकतात तिथे, आणि बाहेरून आलेल्यालाही त्याच पंगतीत जेवण मिळतं. बसवण्णांच्या वाटेवरची माणसं त्याला दासोह म्हणतात. कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, कुणी विचारलं नाही.

पुढे गेलेले आमच्या आधी कन्याकुमारीला पोहोचले. त्यांच्यातला एक आजही लग्नाकार्यात भेटला की म्हणतो, ‘हिच्यामुळे ग्रुप फुटला.’ फुटला असेल. मी तेव्हाही थांबणं सोडलं नाही आणि आजही सोडणार नाही. त्यांनी समुद्र लवकर बघितला. विवेकानंद शिला 1970 पासून तिथे स्मारकासकट उभी आहे, आम्ही उशिरा गेलो म्हणून ती काही हलली नाही.

मात्र त्यांच्याबरोबर माझी एक मैत्रीण गेली. रंकाळ्याभोवती आम्ही दोघी एकाच भाड्याच्या सायकलवर शिकलो होतो, एकीने कॅरियर धरायचं आणि दुसरीने टांग मारायची. तुमकूरनंतर ती माझ्याबरोबर कधी सायकलवर आली नाही. बोलायची, सणाला यायची, पण सायकलचा विषय निघाला की उठायची. आता ती नाही. ही सल माझ्याबरोबर जाईल. पण तिच्यासाठी मी त्या म्हाताऱ्याच्या दारावरून पुढे निघून जायला हवं होतं का, असं मी रात्री-बेरात्री स्वतःला विचारते आणि उत्तर ‘नाही’ असंच येतं. तुला हे सांगते कारण तुमच्यातही दोन तट पडलेत. थांबणाऱ्या दोघांना तू दोषी ठरवलंस. त्यांना आधी फोन कर.

आणि ‘आपण लोकांवर ओझं होतो’ हे पुन्हा लिहू नकोस. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली, तेव्हा तू कॉलेजात तरी होतीस का? मैलोन्‌मैल ट्रकच्या रांगा. तमिळनाडूचे, केरळचे, राजस्थानचे ड्रायव्हर. आजूबाजूच्या गावांनी भाकऱ्या बडवल्या, आमच्या गल्लीनेही चपात्यांचे गठ्ठे बांधून पाठवले. एक तमिळ ड्रायव्हर घेईना. पैसे मागतील असं वाटलं असावं, किंवा तुझ्यासारखंच ओशाळला असावा. आमची पोरं पावसात उभी राहून त्याला हाताने खूण करत होती, ‘घे की बाबा, घे.’ शेवटी त्याने घेतली आणि केबिनमध्ये बसून खाल्ली, तेव्हा आमच्या पोरांचा जीव भांड्यात पडला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच गठ्ठे. ओझं कुणाचं झालं? न घेणाऱ्याचं झालं होतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाटेवरच्या अन्नछत्रात तू दरवर्षी वाढायला उभी राहतेस. तिथे कुणी ‘नको’ म्हणून पुढे गेलं तर तूच मागे धावतेस की नाही?

आता तुझ्या आईची काळजी. ती रास्त आहे आणि मीही बाईच आहे, मला उगाच धाडस शिकवायचं नाही. उजेडात, दारातून, बायका-पोरं दिसत असताना आलेली हाक वेगळी. मोटरसायकलवर समांतर चालवत ‘कुठे चाललात’ म्हणणारा वेगळा. त्याच्यासाठी थांबायचं नाही, मागच्यांना गाठायचं. रस्ता सोडून आत चला म्हणणाऱ्याबरोबर एकटीने जायचं नाही. अंधार पडायच्या तासभर आधी आपणहून विचारायचं: शाळेचा व्हरांडा, देऊळ, पेट्रोल पंप, पोलीस ठाणं. सगळ्यांत मागे कायम जाणतं माणूस ठेव, कारण हाक बहुतेक वेळा मागच्यालाच येते. पुढचे वाऱ्यासारखे गेलेले असतात. रोज रात्री आईला फोन. ती तपशील विचारेल, कंटाळू नकोस, सगळं सांग.

टेम्पो नको. तू म्हणतेस पंक्चर, पाणी, सामान सगळं टेम्पोत. मग तुम्हाला कुणाची गरज कशाला पडेल आणि कुणी हाक कशाला मारेल? पंक्चर किट, जादा ट्यूब, चेनच्या बाजूचे स्पोक आणि फ्रीव्हील काढायचं हत्यार एवढं वाटून घ्या. कुणाला औषधपाण्याची अडचण असेल आणि टेम्पो लागणारच असेल, तर तो मुक्कामावर पुढे पाठव. तुमच्या मागे रांगत येऊ देऊ नकोस.

आणि ते 130. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत, त्या तिथे वारा आहे म्हणूनच आहेत. तो समोरून लागला तर सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखे पाय भरून येतात. रोजचे 85-90 धर आणि दिवसातले दोन तास कोरे ठेव, कशासाठी ते लिहूच नकोस. दिवस वाढतील, रजा वाढवून माग. रजा मिळत नसेल तर बेंगळुरूपर्यंतच जा आणि रेल्वेने परत ये. कन्याकुमारी पुढच्या वर्षी. सगळी दारं टाळून तिथे पोहोचण्यापेक्षा हे हजारदा बरं, हे मी तुला लिहून देते.

पहाटे निघा, म्हणजे निपाणीत नाष्टा आणि ऊन चढायच्या आत तवंदीचा घाट. चेन नवी टाक, जुनीवर भरवसा ठेवू नकोस. हत्यार माझ्याकडे आहे, तुझ्या फ्रीव्हीलला बसतंय का ते बघायला रविवारी चाक घेऊन ये. त्या दोघांनाही आण.

तुझी,
काकू