त्रिमितीय चेहरा प्लास्टिकचा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा आहे की, ब्लेंडर या त्रिमितीय आकृती घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नाक, ओठ, कान अगदी मापात बसवले, त्वचेचे छायाचित्रही वर चढवले, तरी चेहरा बाहुलीसारखा का वाटतो. मी मालवणात राहून घरूनच ॲनिमेशनच्या प्रकाशयोजनेचे काम करतो आणि माझे पहिले दोन चेहरे असेच फसले होते. दोष बहुधा तुमच्या घडणीत नसून प्रकाशाच्या हिशेबात आहे.

शहाळ्यातली कोवळी मलई उन्हात धरून पाहा. प्रकाश तिच्या आत शिरतो, विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर येतो. त्वचेचेही तसेच आहे: समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ३ टक्के वरच्या थरावरून सरळ परततो, बाकीचा आत जातो, आणि त्यातला तांबडा भाग सर्वांत दूर पसरतो. चिवल्याच्या किनाऱ्यावर मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचे कान लाल दिसतात, ते यामुळेच.

हे विखुरणे संगणकाला पेलेल अशा सूत्रात हेन्रिक वान येन्सन, स्टीफन मार्श्नर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडले. तुमच्या सॉफ्टवेअरमधला ‘सबसरफेस’ हा पर्याय त्याच विचारातून आलेला आहे. तो शून्यावर ठेवला तर चेहरा प्लास्टिकचा होतो, आणि हौसेने फार वाढवला तर मेणाचा. नवशिके ही दुसरी चूक अधिक करतात, असे माझे मत आहे. मॉडेलचे मापही तपासा, कारण डोकेच दोन मीटर उंच असेल, तर काही मिलिमीटरांचे विखुरणे त्यात दिसणारच नाही.

त्वचा जमली तरी दिवे खोटे असतील तर चेहरा दृश्यात चिकटवल्यासारखा दिसतो. पॉल डेबेवेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली माणसाभोवती एक दिवा फिरवून सुमारे मिनिटभरात २०४८ दिशांनी उजळलेला चेहरा टिपला. प्रकाशाची बेरीज होते, म्हणून त्या छायाचित्रांना योग्य ते वजन देऊन मिसळले की, तोच चेहरा हव्या त्या ठिकाणच्या उजेडात दाखवता येतो. ते यंत्र आपल्या आवाक्यातले नाही. पण डेबेवेक यांचीच १९९८ ची एक युक्ती आपल्याला जमण्यासारखी आहे. मी मालवणच्या जेटीवर आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून, कॅमेऱ्याचा शटर-वेग बदलत त्याची अनेक छायाचित्रे घेतो. ती जोडली की, आभाळाचा, पाण्याचा आणि ओल्या दगडांचा उजेड त्यांच्या खऱ्या प्रमाणात मिळतो, आणि तोच मी चेहऱ्यावर सोडतो.

राहिले डोळे. आमच्याकडच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच देतात; संगणकातही तेवढाच वेळ त्यांना द्या. बुबुळावर पारदर्शक फुगीर थर हवा आणि खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची केसाएवढी रेषा हवी. माझ्या दुसऱ्या चेहऱ्यात ती रेषाच नव्हती, आणि ते कळायला मला आठवडा लागला.