वाचकांचे प्रश्न : हँक विल्यम्सच्या मागे वाजणारी स्टील गिटार

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात हँक विल्यम्स या अमेरिकन कंट्री गायकाची एक जुनी कॅसेट सापडली. गाण्याची ओळ संपली की रडवेल्या आवाजात जणू उत्तर देणारे एक वाद्य त्यात सारखे ऐकू येते. विविध भारतीवर पूर्वी ऐकलेल्या हवाईयन गिटारशी त्याचे साम्य वाटते. कॅसेटवर वादकाचे नाव नाही. हा वादक कोण, आणि ही पायाने पेडल दाबून वाजवायची गिटार आहे का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्या कानाने साम्य बरोबर हेरले आहे. ही हवाईयन गिटारच आहे. विजेवर चालणारी आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील नृत्यगृहांत व रेडिओ केंद्रांत रुळलेली. गिटार आडवी ठेवायची, तारा पट्टीवर दाबायच्या नाहीत, तर डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवत स्वर काढायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर आकाराला आली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते, पण काही जुन्या आठवणींत गॅब्रिएल डेव्हिऑन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका खलाशाचाही उल्लेख येतो. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत या संगीताची लाट आली. १९३० च्या दशकाच्या आरंभी विजेवर चालणारी पहिली गिटार बाजारात आली, तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. उभ्या इलेक्ट्रिक गिटारचा बोलबाला त्यानंतरचा आहे, हे आजच्या तरुण वादकांना सांगितले तर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

आता वादकाविषयी. आपल्या कॅसेटमध्ये कोणती गाणी आहेत ते आपण कळवलेले नाही, त्यामुळे दोन नावे सांगावी लागतील. हँकच्या बहुतेक प्रसिद्ध गाण्यांत डॉन हेल्म्स वाजवतात. १९२७ मध्ये अलाबामात जन्मलेले हेल्म्स किशोरवयातच हँकच्या ‘ड्रिफ्टिंग काउबॉइज’ या वाद्यवृंदात आले. १९४८ मध्ये हँक लुइझियानातील श्रीव्हपोर्टला गेला तेव्हा ते त्याच्याबरोबर गेले नाहीत. पुढच्या वर्षी हँक नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाल्यावर मात्र ते परतले आणि अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिले. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’, ‘हे, गुड लुकिन’, ‘युअर चीटिन हार्ट’ या गाण्यांतील स्टील गिटार त्यांची आहे. हँकच्या शंभराहून अधिक ध्वनिमुद्रणांत त्यांची साथ आहे.

दुसरे नाव जेरी बर्ड यांचे. हेल्म्स बरोबर नव्हते त्या काळात, डिसेंबर १९४८ मध्ये, सिनसिनाटी येथील स्टुडिओत ‘लव्हसिक ब्लूज’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. १९४९ मध्ये ते सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्यानेच हँकला ऑप्रीचे दार उघडून दिले. त्यात बर्ड आहेत. त्याच शहरात ऑगस्ट १९४९ मध्ये झालेल्या ‘आय एम सो लोनसम आय कुड क्राय’ या गाण्यातही तेच आहेत. दोघांमधील फरक ओळखणे फारसे कठीण नाही. बर्ड यांचा स्वर गोलाईचा, मऊ आणि सावकाश डोलणारा आहे. त्यांचे मन मुळात हवाईच्या संगीतात गुंतलेले होते आणि १९७२ मध्ये ते होनोलुलूला कायमचे राहायला गेले. हेल्म्स यांचा स्वर टोकदार आहे, तो वरच्या सप्तकात राहतो आणि नेमका काळजाला टोचतो. ‘लोनसम’च्या बाबतीत बर्ड यांना पर्याय नव्हता असे माझे मत आहे, पण ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’मध्ये त्यांची गोलाई गाण्याला अकारण गोडवा देऊन गेली असती.

पेडलविषयीची आपली शंका या गायकाच्या बाबतीत लागू पडत नाही. हेल्म्स यांचे वाद्य गिब्सन कंपनीचे ‘कन्सोल ग्रँड’ हे होते. पायांवर उभ्या केलेल्या लाकडी ठोकळ्यावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर आठ तारा, अशी त्याची रचना. पेडल एकही नाही. वाद्याला पाय आहेत हे छायाचित्रात पाहून अनेकांचा गैरसमज होतो. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे, ओहायोतील कँटन येथे कार्यक्रमासाठी जात असताना, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी हँकचा मोटारीतच मृत्यू झाला. कंट्री संगीतात पेडलचे युग त्यानंतर सुरू झाले.

प्रश्न : मी गेली काही वर्षे हार्मोनियमची साथ करतो. एका मित्राने हँक विल्यम्सची गाणी ऐकवली. गायक गात असताना स्टील गिटारवाला जवळजवळ गप्पच बसतो, हे पाहून नवल वाटले. साथीचे हे कोणते तत्त्व म्हणायचे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न साथीदाराचा आहे आणि मला वाटते, या संगीताच्या गाभ्याचाही आहे. ख्यालगायनात हार्मोनियमवाला गायकाच्या पाठोपाठ, सावलीसारखा चालतो. गायकाने घेतलेली जागा किंचित मागाहून उमटवतो आणि त्याला श्वास घ्यायचा असेल तेव्हा स्वर धरून ठेवतो. हँकच्या गाण्यात वाद्याने सावलीसारखे चालणे अपेक्षित नाही. तिथे ओळ लहान असते, शब्द थेट असतात आणि ओळ संपल्यावर पुढची ओळ सुरू होईपर्यंत ठरावीक मात्रांची मोकळी जागा उरते. ती जागा भरण्याचे काम स्टील गिटार आणि फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, या दोघांकडे असते. दोघांनी एकाच वेळी बोलायचे नाही. एका कडव्याच्या जागा फिडलने भराव्यात, दुसऱ्याच्या स्टीलने, अशी वाटणी बहुधा केलेली असते. हँकच्या वाद्यवृंदात फिडल जेरी रिव्हर्स यांच्याकडे होते. या दोन वाद्यांनी एकमेकांच्या वाटेत न येता कसे वाजवले, हे साथ करणाऱ्या प्रत्येकाने मुद्दाम ऐकावे असे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याला लगेच जाणवेल. हँकच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत ड्रम नाहीत. लय धरतात ती बास आणि तळहाताने तारा दाबून ‘टक टक’ अशी वाजवलेली गिटार. त्यामुळे मधली सगळी पट्टी मोकळी राहते. हँकचा आवाज त्या पट्टीत बसतो आणि स्टील गिटार त्याच्या बरीच वर राहते. हे योगायोगाने घडलेले नाही. हँकचे प्रकाशक आणि ध्वनिमुद्रणाचे सूत्रधार फ्रेड रोझ यांनी हेल्म्स यांना वरच्या स्वरांतच राहायला सांगितले होते. त्या काळी ही गाणी ज्यूकबॉक्सवर आणि मोटारीतल्या लहानशा रेडिओवर ऐकली जात. तिथे खालचे स्वर गढूळ होतात, वरचे मात्र आरपार ऐकू येतात. एका व्यावहारिक सूचनेतून एक अख्खी शैली जन्माला आली.

आपण ‘युअर चीटिन हार्ट’ शांतपणे ऐका. २३ सप्टेंबर १९५२ रोजी नॅशव्हिल येथे झालेले हे ध्वनिमुद्रण हँकच्या शेवटच्या सत्रातले. गाणे स्टील गिटारनेच उघडते. हेल्म्स तिथे कोणतीही करामत करत नाहीत. वरच्या तारांवर दोन स्वर एकत्र छेडतात, कांडी सरकवत त्यांना खाली आणतात आणि हँकचा पहिला शब्द येण्याआधी बाजूला होतात. त्या काही क्षणांत गाण्याचा सगळा भाव ठरून जातो, गायकाने फक्त त्यात पाऊल टाकायचे असते. पुढे प्रत्येक जागी त्यांच्या सुरावटीचा शेवट पुढच्या ओळीच्या पहिल्या स्वराकडे झुकलेला आहे. गायकाला स्वर हातात देऊन जाणे, असेच याचे वर्णन करता येईल. उत्तम हार्मोनियमवालाही हेच करतो, आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातले जाणकार श्रोते अशा जागेला दाद देताना गायकाबरोबर साथीदाराकडेही पाहतात, हे आपल्याला ठाऊक असेलच.

हेल्म्स यांची कीर्ती हँकपुरतीच राहिली हे मात्र अन्यायाचे आहे. पॅट्सी क्लाइन या गायिकेच्या ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’मधली स्टील गिटार त्यांचीच. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ते बिनपेडलचे तेच वाद्य वाजवत राहिले.

प्रश्न : मग पेडल कधी आले आणि त्याने नेमका काय फरक पडला? हिंदुस्थानी स्वरांच्या भाषेत समजावून सांगता येईल का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : येईल, आणि ते अधिक सोपेही आहे. बिनपेडलच्या स्टील गिटारच्या तारा बहुधा सा, ग, प, ध या स्वरांत लावतात. सरळ धरलेली कांडी सर्व तारांवर एकदम सरकते, म्हणून हे चारही स्वर एकमेकांतील अंतर न बदलता वर किंवा खाली जातात. मींड हवी तेवढी लांब घेता येते, पण एक स्वर स्थिर ठेवून दुसरा हलवणे अवघड. कांडी तिरपी धरून काही प्रमाणात ते साधता येते. जेरी बर्ड यांचा यात हातखंडा होता.

पेडल दाबले की आतील यंत्रणा निवडक तारा ताणते. समजा, सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजत आहेत. तारा निनादत असतानाच पेडल दाबले, तर षड्ज जागेवर राहतो, गंधार मध्यमावर चढतो आणि पंचम धैवतावर. एका स्थिर स्वराभोवती दोन स्वर वितळत वर जातात. पेडलची वाद्ये आधीही होती, पण त्यांचा उपयोग मुख्यतः तारांची जुळणी पटकन बदलण्यापुरता होत असे. स्वर वाजत असताना पेडल दाबण्याचा परिणाम लोकांच्या कानावर ठसला तो वेब पिअर्स या गायकाच्या ‘स्लोली’ या १९५४ च्या गाण्यामुळे. त्यात बड आयझॅक्स यांनी पॉल बिग्सबी यांनी घडवलेले वाद्य वाजवले होते. त्यानंतर नॅशव्हिलच्या वादकांमध्ये आपापल्या वाद्याला पेडल बसवून घेण्याची एकच धांदल उडाली. पुढे बडी एमन्स यांनी त्याच पेडलचे काम दोन वेगळ्या पेडलांत विभागले आणि वाद्याच्या शक्यता कितीतरी वाढवल्या. बर्ड यांनी पेडलला शेवटपर्यंत जवळ केले नाही. ‘स्लोली’नंतरचे कंट्री संगीत मला आवडते, पण पेडलमुळे वादकांना जागा भरत सुटण्याचा मोह जडला, हेही खरे.

प्रश्न : घरी एक साधी गिटार पडून आहे. तिची हवाईयन गिटार करता येईल का? पं. ब्रिजभूषण काब्रा यांचे वादन ऐकल्यापासून ही इच्छा आहे.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : करता येईल, फक्त तारा पोलादी हव्यात, नायलॉनच्या तारांवर कांडी चालत नाही. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मुळे काब्राजींची गिटार घरोघरी पोचली, आणि त्यांनी तीवर संपूर्ण रागसंगीत उभे केले, आपल्याला सुरुवातीला इतके काही करायचे नाही. गिटारच्या डोक्याकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर बसणारी उंच धातूची पट्टी वाद्यांच्या दुकानात मिळते. तिने तारा उचलल्या जातात आणि कांडी खालच्या पडद्यांना लागत नाही. सीताबर्डीवरील दुकानांत ती ठेवलेली नसेल तर मागवून देतात.

नेहमीच्या लावणीतील पहिली, पाचवी आणि सहावी तार प्रत्येकी एका पूर्ण स्वराने उतरवा. खालून वर डी, जी, डी, जी, बी, डी असे स्वर मिळतील. जीला षड्ज मानले तर हे प, सा, प, सा, ग, प झाले. तारा चढवून लावण्याच्या पद्धतीही आहेत, परंतु साध्या गिटारवर त्यांचा ताण पुलावर, म्हणजे तारा जिथे लाकडाला अडकवलेल्या असतात त्या पट्टीवर, येतो आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, तिथला सरस सुटायला वेळ लागत नाही. गिटार कूलरच्या झोतातही ठेवू नका, ओलाव्याने लाकूड फुगते.

कांडी पडद्याच्या मागे धरू नये, बरोबर पडद्याच्या तारेच्या डोक्यावर आणावी. केसभर चूकही बेसूर ऐकू येते. डाव्या हाताची मागची बोटे कांडीमागच्या तारांवर अलगद टेकलेली असावीत, नाहीतर कांडीच्या मागचा भागही निनादत राहतो आणि सगळा गोंधळ होतो. सुरुवातीला एकाच तारेवर षड्जापासून गंधारापर्यंतची मींड तानपुऱ्यासोबत घोटा आणि स्वर नेमका बसल्याशिवाय कंप देऊ नका, कारण कंपामागे बेसूर लपवण्याची सवय एकदा लागली की ती जात नाही.