युथ ऑर्केस्ट्रा हुकला म्हणून जर्मनी हुकत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत व्हायोलिनचं बॅचलर करायचंय, वय एकोणीस पूर्ण, आठव्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा झाल्यात, पण ऑर्केस्ट्रात बसण्याचा अनुभव जवळपास शून्य. जर्मनीतली मुलं शाळेत असल्यापासून युथ ऑर्केस्ट्रात वाजवतात. त्याचा करिअरवर खरंच एवढा परिणाम होतो का, आणि होत असेल तर आपली गाडी सुटली का? मी इथे शिकायला आलो आणि आता एका थिएटरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवतो, म्हणून सविस्तर लिहितो. परिणाम होतो, चांगला आयुष्यभर पुरणारा होतो. गाडी मात्र सुटलेली नाही, तुझा फलाट वेगळा आहे एवढंच.

युथ ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक शिस्त, टीमवर्क वगैरे सांगतात. ते शाळेच्या कबड्डी संघातही मिळतं. खरा फरक कान आणि डोळे यांच्यात पडतो. समज, तू सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे व्हायोलिनच्या दुसऱ्या गटाच्या, शेवटच्या स्टँडवर (नोटेशन ठेवायच्या स्टँडवर) बसलायस. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, तुझ्यापासून दहाएक मीटर पुढे. त्याचा आवाज तुझ्यापर्यंत यायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. तो ऐकून तू वाजवलंस की तू तेवढा मागे पडलास, आणि तुझा आवाज कंडक्टरपर्यंत पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. म्हणून मागे बसणारे कानावर विसंबत नाहीत. ते पुढच्याचा बो (वाजवायचा गज) बघतात, तारेवर टेकायच्या आधीचा त्याचा श्वास बघतात, आणि आपण जरा आधीच वाजवतोय असं वाटलं तरी तसंच वाजवत राहतात. हे समजायला एक मिनिट पुरतं, अंगात मुरायला काही वर्षं जातात. इकडची मुलं ती वर्षं सोळा-सतराच्या वयात काढतात, जेव्हा चुकलं तरी कुणाची नोकरी जात नाही.

बारीकसारीक गोष्टीही तिथेच शिकून होतात. दोघांत एक स्टँड असतो. पान उलटायचं ते आतल्या बाजूच्याने, प्रेक्षकांकडच्याने वाजवत राहायचं. एकाच ओळीत दोन सूर आले तर वरचा बाहेरच्याचा, खालचा आतल्याचा. बोइंग, म्हणजे बो वर-खाली ओढायची ठरलेली दिशा, बदलली की ती खूण पुढून मागे स्टँडागणिक सरकत येते, आणि ती पेन्सिलने आपल्या पार्टवर (आपल्या वाद्याच्या नोटेशनवर) पोचेपर्यंत कंडक्टर पुढे निघून गेलेला असतो. अशा वेळी मान वर करून 'कुठून?' विचारणारा कोण आणि गुपचूप शेजाऱ्याच्या बोटांवरून जागा पकडणारा कोण, हे सेक्शनला, म्हणजे एका वाद्याच्या गटाला, पहिल्या तालमीतच कळतं. आणि हो, दुसऱ्या दिवशी पेन्सिल न आणणाऱ्याबद्दल काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

यंत्रणा कशी चालते तेही बघ. जर्मनीत प्रत्येक राज्याचा युथ ऑर्केस्ट्रा असतो, आणि त्यावर राष्ट्रीय पातळीवरचा बुंडेसयुगेंडऑर्केस्टर, स्थापना १९६९, वय १४ ते १९. मुलं वर्षभर भेटत नाहीत. सुट्ट्यांत एकत्र येतात. आधी सेक्शननुसार तालमी, मग सगळ्यांची एकत्र तालीम, मग दौरा. सेक्शनच्या तालमी घ्यायला मोठ्या ऑर्केस्ट्रांतले वादक येतात. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराला नोकरीतला वादक जवळून ऐकतो, आणि पोरालाही कळतं की या धंद्यात चांगलं वाजवणं म्हणजे नेमकं काय.

पण माझ्या मते सगळ्यात दूरवर जाणारी गोष्ट शेजारी बसलेली माणसं. १९७४ मध्ये बुंडेसयुगेंडऑर्केस्टरमधून वयामुळे बाहेर पडलेल्यांनीच युंग डॉइच फिलहार्मोनी हा संगीताच्या विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यातून १९८० मध्ये आधुनिक संगीत वाजवणारं आंसांबल मॉडर्न निघालं, ब्रेमेनची कामरफिलहार्मोनी (छोटा ऑर्केस्ट्रा) हीसुद्धा तिथलीच. इटालियन कंडक्टर क्लाउडिओ अबादोंनी व्हिएन्नात १९८६ मध्ये गुस्ताव मालर युथ ऑर्केस्ट्रा सुरू केला, त्यातल्या माजी वादकांनी १९९७ मध्ये मालर चेंबर ऑर्केस्ट्रा काढला. वयाच्या विशीत एका बसमधून दौरे केलेली मंडळी पुढची चाळीस वर्षं एकमेकांना पुरतात. रोजच्या व्यवहारातही तेच. गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी तापाने पडतो, शुक्रवारी ऑपेरा असतो, ऐनवेळी बदली वादक लागतो. फोन कुणाला जातो? ज्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं त्याला. याला वशिला म्हणून नाक मुरडू नकोस. तालमीशिवाय ऑपेराच्या खड्ड्यात (रंगमंचापुढे ऑर्केस्ट्रा बसतो त्या जागी) उतरवायचं तर न ऐकलेल्या माणसाला कोण बोलावणार?

आता उलटी बाजू. युथ ऑर्केस्ट्रात वाजवून नोकरी मिळत नाही. नोकरी मिळते प्रोबेश्पीलने, म्हणजे ऑडिशनने, आणि तिथे तू एकटा असतोस. पहिली फेरी बहुतेक ठिकाणी पडद्याआड होते. व्हायोलिनला मोझार्टच्या कॉन्चेर्टोची (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेची) पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, ठरलेली, तीही कडेंझासकट (साथीशिवाय एकट्याने वाजवायचा अवघड तुकडा). पुढच्या फेरीत रोमँटिक काळातला कॉन्चेर्टो, शेवटी ऑर्केस्ट्राच्या पार्टमधले अवघड तुकडे. रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान त्यात हमखास. मत ऑर्केस्ट्रातले वादकच देतात. तिथे कुणी दहा युथ ऑर्केस्ट्रांची नावं लिहून आणली तरी पडदा ती वाचत नाही. मी असे कितीतरी बघितलेत, दौऱ्यांवर सगळ्यांचे लाडके, पण मोझार्टमध्ये सूर हलतो म्हणून पहिल्याच फेरीत बाहेर.

मात्र निवड झाल्यावर साधारण वर्षभराचा चाचणी काळ असतो आणि त्यानंतर ऑर्केस्ट्रा पुन्हा मत देतो. त्या वर्षात मोझार्ट कुणी ऐकत नाही. सेक्शनमध्ये आवाज मिसळतो का, नको तिथे पुढे येतो का, सुधारणा सांगितली की चेहरा पडतो का, हे बघतात. एकट्याने तयारी करून वर आलेले उत्तम वादक इथे गळतात. हीच ती युथ ऑर्केस्ट्राची वर्षं, जी त्यांनी कधी काढलेली नसतात.

मग तुझं काय? राष्ट्रीय युथ ऑर्केस्ट्राचं वय गेलं. युरोपियन युनियन युथ ऑर्केस्ट्रा तिथल्या नागरिकांसाठीच आहे, त्यामुळे आपला पासपोर्ट चालत नाही. पण युंग डॉइच फिलहार्मोनी १८ ते २८ वयाच्या, जर्मन भाषिक भागातल्या संगीत महाविद्यालयांत शिकणाऱ्यांसाठी आहे. ऑडिशन द्यावी लागते. कार्यक्रम काय, कंडक्टर कोण, हे तिथे वादकच ठरवतात, त्यामुळे वाजवण्याबरोबर ऑर्केस्ट्रा चालवायचा कसा तेही कळतं. तुझं पहिलं लक्ष्य ते ठेव. शिवाय म्युझिकहोखशूलेचा, म्हणजे संगीत महाविद्यालयाचा, स्वतःचा ऑर्केस्ट्रा अभ्यासक्रमातच असतो, त्याला दांडी मारून खोलीत कॉन्चेर्टो घोटणारे विद्यार्थी असतात, त्यांच्या नादी लागू नकोस. वरच्या वर्षांत गेलास की ऑर्केस्ट्रांच्या अकादमीत किंवा प्राक्टिकुममध्ये (इंटर्नशिपमध्ये) जागा निघतात. बर्लिन फिलहार्मोनिकची अकादमी १९७२ पासून चालू आहे. तिथे विद्यार्थी असतानाच खऱ्या ऑर्केस्ट्रात बसायला मिळतं.

इकडे यायच्या आधी जो मिळेल त्या ऑर्केस्ट्रात बस, हौशी असला तरी. फर्स्ट व्हायोलिनचा हट्ट नको, सेकंडमध्ये मागे बसून जास्त शिकशील. काहीच जमत नसेल तर चौघं जमवून क्वार्टेट वाजव. रेकॉर्डिंगबरोबर वाजवण्याचा सल्ला तुला खूप जण देतील. पार्ट पाठ होतो, बाकी काही होत नाही, कारण रेकॉर्डिंग तुझं ऐकत नाही.

प्रवेशाचं पटकन सांगतो. आधी शिक्षक शोध, मग शहर. ज्यांच्याकडे शिकायचं त्यांना लिहून एखादा चाचणी तास माग. त्यांच्या वर्गात जागा नसेल तर परीक्षा उत्तम देऊनही उपयोग नाही. प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात होते, वाद्याखेरीज थिअरी, कानाची परीक्षा आणि थोडा पियानोही असतो. पियानो आत्ताच धर. सरकारी म्युझिकहोखशूलेत शिक्षण बहुतांशी फुकट आहे, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि हा आकडा वाढत आलाय, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा बघ. एक गोष्ट बरेच जण विसरतात: विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन स्वतंत्रपणे कार्यक्रम वाजवायचे तर परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ओळखी झाल्या की असे फोन येतात, तेव्हा आधीच घेऊन ठेव.

नोकऱ्यांबद्दल घरी गोड चित्र रंगवू नकोस. १९९२ मध्ये जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे १६८ ऑर्केस्ट्रा होते, आता १३० च्या आसपास आहेत, आणि एका जागेला शंभरावर अर्ज येणं नवलाचं नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. बऱ्याच जणांचा संसार म्युझिकशूलेत, म्हणजे मुलांच्या संगीत शाळेत, शिकवून चालतो, आणि २०२२ मधल्या केंद्रीय सामाजिक न्यायालयाच्या निकालानंतर तिथे मानधनाऐवजी पक्क्या नोकरीवर घेण्याकडे कल वाढलाय. शाळकरी मुलांचे ऑर्केस्ट्रा तिथलेच शिक्षक बसवतात, त्यामुळे मागच्या स्टँडवर शिकलेलं तिथेही कामाला येतंच.

मोझार्टचा कोणता कॉन्चेर्टो करतोयस ते कळव. पहिली मूव्हमेंट पियानोच्या साथीने, मध्ये न थांबता रेकॉर्ड करून पाठव. ऐकून कोणत्या शिक्षकांना लिहावं ते सांगतो.