हेडफोन लावले की बीट गायब

"मॅडम, माझा डावा कान गेलाय. मेंदूपर्यंत काही पोचतच नाही." खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

पन्नाशीचे गृहस्थ, झोपेच्या तक्रारीसाठी माझ्याकडे समुपदेशनाला येणारे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) झोपेसाठी कुणीतरी बायनॉरल बीट्स (दोन कानांना किंचित वेगळे स्वर दिले की जाणवणारं घुमणं) सुचवले होते. फोनच्या स्पीकरवर ते घुमणं स्पष्ट यायचं. मग हेडफोनशिवाय उपयोग नाही, असं वाचनात आलं. हेडफोन आणले, तर घुमणं जवळजवळ गायब! डावीकडचा आवाज तसाही जरा बारीक वाटायचा. झालं. रोज रात्री आवाज वाढवायचा, एकेक कान झाकून बघायचं, पुन्हा वाढवायचा. झोप कुठली लागायला?

मी त्यांचेच हेडफोन मागितले. एका कानात २०० हर्ट्झचा स्वर, दुसऱ्यात २०४ हर्ट्झचा. "आता डावं काढा." सपाट स्वर. "उजवं काढा." तोही सपाट. दोन्ही लावून ते डोळे मिटून बसले. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "हलल्यासारखं वाटतंय, पण किती पुसट!"

ते पुसटच असतं. स्पीकरवर दोन्ही स्वर हवेतच एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आवाज खरोखरच कमी-जास्त होतो. एका कानालाही कळेल इतका. हेडफोनमध्ये ते मिसळतच नाहीत. दोन्ही कानांकडून आलेल्या लहरींच्या वेळा मेंदूच्या देठाशी ताडून पाहिल्या जातात आणि सेकंदाला चार हलके हेलकावे जाणवतात.

मग मी फोनच्या सेटिंगमधून डावीकडचा आवाज मुद्दाम आणखी उतरवला. हेलकावा टिकला. हा खेळ लहरींच्या वेळेचा आहे, आवाज किती मोठा याचा कमी. जैवभौतिकशास्त्रज्ञ जेराल्ड ऑस्टर यांनी तर १९७३ मध्ये लिहून ठेवलंय की एका बाजूचा स्वर ऐकू येण्याच्या मर्यादेखाली असला तरी बीट जाणवू शकतो. मात्र एका कानाला काहीच ऐकू येत नसेल, तर बायनॉरल बीट नाहीच.

तरीही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलंच. दोन कानांत फरक वाटतोय म्हटल्यावर तो मोजायला हवा; ते माझं काम नव्हे. (एक कान अचानक, एका दिवसात बसला तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.) ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) खालचे स्वर दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले, डावा कान ४००० हर्ट्झपासून पुढे उतरलेला. बायनॉरल बीट साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या स्वरांवर जाणवतच नाही, म्हणजे त्या उताराचा इथे संबंधच नव्हता. आवाज वाढवत नेणं मात्र कानाला घातक ठरू शकतं. ते मी जरा खडसावूनच सांगितलं.

या बीट्सनी झोप येते का? अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. मी सुचवत नाही, अडवतही नाही. त्यांची झोप बीट्सनी नव्हे, रोज रात्री स्वतःच कान तपासत बसण्यानं उडवली होती. म्हणून ठरलं एवढंच: दोन आठवडे दिवा मालवल्यावर कान झाकून बघणं बंद, आवाज निम्म्याच्या खाली.

तिसऱ्या भेटीत ते सगळा वेळ मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होते. चपला घालताना काहीतरी आठवून थांबले.

"अहो मॅडम, त्या हेडफोनचं चार्जिंग आठवडाभर संपलेलंच आहे."