गोष्टीतलं मांजर फक्त 'म्याव'च म्हणतं. खरी मांजरं काय काय बोलतात?

रोज रात्री गोष्ट सांगताना तुमचं मांजर 'म्याव'च्या पुढे जात नाही, म्हणून लेक कंटाळलीय. खरी मांजरं एवढंच बोलतात का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. उलट, मोठी मांजरं एकमेकांशी 'म्याव' फारसं करतच नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं तो हा आवाज. वयात आल्यावर तो माणसांसाठी उरतो. म्हणजे लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारी दोन मांजरं 'म्याव म्याव' करत असतील, तर ते भांडण लुटुपुटूचं. खरं भांडण ऐकायचं तर रात्री दोनला आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत या. पत्र्यावर दोन बोके समोरासमोर, आणि लहान बाळ रडावं तसा चढउताराचा 'आऽऊऽऊ'. मग फिसकारणं, आणि शेवटी आमच्या आजीचं तांब्याभर पाणी.

मिल्ड्रेड मोल्क या बाईंनी १९४४ साली मांजराचे १६ आवाज वेगळे करून मांडले, तेही तोंडाच्या ठेवणीवरून. तोंड मिटून काढायचे, उघडून हळूहळू मिटत काढायचे, आणि ताणून उघडं ठेवून काढायचे. लेकीला आरशासमोर उभी करा. 'म्याव' म्हणताना तिचं तोंड उघडून मिटतंच. फिसकारताना मिटूनच दाखवू दे!

आमच्याकडे रविवारी मटण नळाखाली धरलं की मनी उंबऱ्यात हजर. आधी तोंड मिटून 'म्र्रुं', शेपटी ताठ. लक्ष दिलं नाही तर पायात घोटाळत आखूड 'म्यॅ'. तरी नाही, तर 'मियाऽऽव', शेवट खाली ओढलेला. "थांब की गं, शिजू दे तरी!" असं आई म्हणते आणि एक तुकडा टाकते. तो तोंडात असताना बोका जवळ आला, की तीच मनी दात न सोडता गुरगुरते.

मांडीवरची घुरघुर मात्र वेगळी. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालू असते. ती खुशीचीच असते असं नाही. मनीचा पाय मोडला तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर ती थरथरत होती आणि घुरघुरतही होती. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. डॉक्टर म्हणाले, दुखतानाही करतात. ब्रिटनमधल्या संशोधकांना २००९ साली असंही आढळलं, की खायला मागताना काही मांजरं घुरघुरीत रडण्यासारखा बारीक सूर मिसळतात, आणि आपल्याला तो जास्त निकडीचा वाटतो. (लबाड आहेत, हे आईला आधीच माहीत होतं.)

आता 'वाघाची मावशी'. मावशीने भाच्याला झाडावर चढणं शिकवलं नाही, एवढंच आपण सांगतो. मावशीसारखी घुरघुरही त्याला येत नाही. ओळखीचं कुणी भेटलं की तो नाकातून 'फुर्र फुर्र' करतो.

चित्त्याला मात्र घुरघुर येते. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळलेले असायचे, तेव्हा त्यांची एखादी गोष्ट तुम्ही रचायला हरकत नाही. फक्त त्याच्या तोंडी डरकाळी घालू नका. तो पाखरासारखा चिवचिवतो.