साथीच्या दिवसांत सोफा, गालिचा आणि गाद्या: तुम्ही विचारा, मी सांगते

या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावरची आहेत. घराघरात ताप-खोकला चाललाय, कुठेकुठे उलट्या-जुलाब पण आहेत आणि गणपतीची चवथ तोंडावर आलीय. भांडी-फरशी कशी धुवायची ते सगळ्यांना कळतं, घोडं अडतं ते कापडी वस्तूंपाशी.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या घरात फ्लूने एकापाठोपाठ एक सगळ्यांना आडवं केलं. मुलं दिवसभर हॉलमधल्या सोफ्यावरच पांघरूण घेऊन पडलेली असायची, तिथेच खोकणं तिथेच शिंकणं. आता सगळी बरी आहेत, पण चवथीला पंचवीस-तीस माणसं येणार. दीर म्हणतात रोज सोफ्यावर सॅनिटायझर मारूया, सासूबाई म्हणतात प्लास्टिक घाला. कुणाचं ऐकू?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: सासूबाईंची काळजी बरोबर आहे पण प्लास्टिक नको, कारण फ्लूचा विषाणू कापडावर साधारण ८ ते १२ तास टिकतो आणि प्लास्टिक, स्टीलसारख्या गुळगुळीत वस्तूंवर २४ ते ४८ तास, म्हणजे प्लास्टिक घातलंत की तुम्हीच त्याची मुदत वाढवून देता, शिवाय प्लास्टिकखाली घाम आणि ओल साचते ती वेगळीच. कापड विषाणूतला ओलावा शोषून घेतं म्हणून तो तिथे लवकर निकामी होतो. तुमची मुलं बरी होऊन काही दिवस झाले असतील तर त्या सोफ्यात आता फ्लूचं काही उरलेलं नाही, हे मनात पक्कं करा म्हणजे निम्मी धावपळ वाचेल.

सॅनिटायझरला मी स्पष्ट नाही म्हणेन. अल्कोहोलने काम करायला कापड काही वेळ ओलं राहावं लागतं आणि ते तर बघता बघता उडून जातं, फोममध्ये आत काही पोचत नाही. आणि चवथीच्या घरात समई, निरांजन, उदबत्त्या, बाहेर मुलांचे फटाके, अशात अल्कोहोल मारलेला सोफा म्हणजे आगीला आमंत्रण! दिरांना हे नक्की सांगा.

करायचं काय, तर सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे, मुलांची पांघरुणं काढा. काढताना झटकू नका, आतल्या बाजूला गुंडाळत घ्या आणि थेट मशीनमध्ये टाका, कापडाला सोसेल तेवढं गरम पाणी आणि नेहमीची पावडर पुरे. फ्लू काय, कोविड काय, या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. न निघणाऱ्या भागाला आधी व्हॅक्यूम मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं, आणि वर पंखा. सोफ्याला कंपनीचा टॅग असेल तर तो वाचा, डब्ल्यू लिहिलंय तर पाणी चालतं, एस असेल तर पाणी लावायचं नाही, एक्स असेल तर फक्त व्हॅक्यूम. सुताराकडून करून घेतलेल्या सोफ्याला टॅग नसतो, मग मागच्या बाजूला भिंतीकडे थोडंसं लावून बघायचं, रंग जातोय का.

आणि सोफ्यापेक्षा हात लागतात त्या जागांकडे बघा, सोफ्याचे लाकडी हात, टीव्हीचा रिमोट, दाराची कडी, फ्रिजचं हँडल. चवथीला सोफा तसाही माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीसाठी, मागे सरकवला जातो आणि सगळे सतरंजीवर बसतात, त्या वर्षभर कपाटात पडलेल्या सतरंज्या मात्र उघाडी मिळाली की आत्ताच धुवून वाळवून घ्या. अजून एक, हे आजार मुख्यतः श्वासातून पसरतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२१ साली सांगितलं होतं की विषाणू असलेल्या वस्तूला एकदा हात लागून कोविड व्हायची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षा कमी. त्यामुळे आरतीच्या वेळी पाऊस आत येतो म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेऊ नका, एका बाजूच्या तरी उघड्या ठेवा, आणि कुणाला ताप असेल तर त्याला आतल्या खोलीत विश्रांती घेऊ द्या, नाराज झाला तरी चालेल.

प्रश्न: आमचा छोटा होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलाने रात्री खोलीतल्या कार्पेटवर उलटी केली, दुसऱ्या दिवशी आईला पण सुरू झालं आणि नंतर आमच्या साफसफाईवाल्या बाईंना. तेवढाच तुकडा साबणाने पुसला होता. ब्लीच ओतू का? खोली परत कधी देऊ?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर: हे पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुम्ही सांगताय त्यावरून हा नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा विषाणू, किंवा त्याच्या जातकुळीतला असावा, नक्की निदान डॉक्टरच करतील, पण सफाई मात्र तोच आहे असं धरूनच करायची. वरच्या उत्तरात मी काळजी कमी करा म्हटलं, इथे उलट सांगते, भरपूर काळजी घ्या. या विषाणूवर ते चरबीचं आवरणच नसतं, म्हणून सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही, हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखालीच धुवायचे. शंभराहून कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. आणि कार्पेटमध्ये तो किती टिकतो बघा, इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या वॉर्डातली साथ संपून बारा दिवस झाल्यावर तिथलं कार्पेट काढणारे दोन कामगार आजारी पडले होते, आणि मधल्या काळात ते कार्पेट रोज व्हॅक्यूम होत होतं! १९९७ साली हे छापून आलंय.

म्हणून पहिला नियम, उलटीच्या जागी व्हॅक्यूम फिरवायचा नाही, मागून हवा बाहेर पडते तिच्याबरोबर कण खोलीभर उडतात. ब्रशने घासायचं पण नाही.

पुढच्या वेळी असं झालं की आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. हातमोजे, मास्क, जुना एप्रन. जागेवर जुनं फडकं किंवा टिश्यू अंथरा, वरून खाण्याचा सोडा भरपूर टाका, ओल शोषली गेली की दोन जाड पुठ्ठ्यांनी कडेकडून मधे ओढत उचला, पुठ्ठ्यांसकट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, गाठ मारून बाहेर. मग साबणाचं पाणी फडक्यावर घेऊन टिपत टिपत, परत बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. उलटीचे शिंतोडे दिसतात त्याच्या कितीतरी लांब गेलेले असतात, तेव्हा पलंगाचे पाय, पडद्याची खालची कड, भिंतीचा खालचा भाग हे सगळं त्यातच धरा.

शेवटी वाफ. कार्पेटच्या धाग्यांना ७० अंश सेल्सिअस उष्णता ५ मिनिटं किंवा १०० अंश १ मिनिट मिळायला हवी. इथेच बरेच जण चुकतात, यंत्रातून वाफ गरम निघते पण भरभर फिरवलं तर धागा कोमटच राहतो, म्हणून एकेका हातभर तुकड्यावर थांबत थांबत जा. लोकरीचं किंवा मागे गोंद लावलेलं कार्पेट असेल तर आधी कोपऱ्यात करून बघा, आकसू शकतं. यंत्र नसेल तर सफाईवाल्यांना बोलवा, पण काय झालंय ते फोनवरच स्पष्ट सांगा, लपवू नका, त्या माणसांच्या घरी पण मुलं असतात.

ब्लीच कार्पेटवर नको, रंग उडतो आणि घाणीत त्याची ताकद पण मरते. बाथरूम, टाइल्स, नळ, कडी यांना मात्र तेच लागेल. ४-५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १ लिटर पाण्यात १०० मिली, रोज ताजं करायचं, आधी साबणाने पुसून मग हे लावून किमान ५ मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. टॉयलेट क्लीनरमधल्या अॅसिडबरोबर ते चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

खोली, वाफ देऊन कार्पेट पूर्ण कोरडं झाल्यावरच द्या. तुमच्या बाईंना उलट्या-जुलाब थांबल्यावर निदान दोन दिवस तरी कामावर, विशेषतः स्वयंपाकघरात, बोलवू नका आणि त्या दिवसांचा पगार कापू नका, पगार कापला जातो तिथे माणसं आजार लपवून कामावर येतात. आणि माझं मत विचाराल तर ते कार्पेट काढूनच टाका. आपल्याकडच्या हवेत खालची फरशीच बरी, पलंगाजवळ सुती पायपोस दोन ठेवा, उकळत्या पाण्यात टाकता येतात.

प्रश्न: एक एजन्सी फ्लॅटमध्ये फॉगिंग करून देते, सोफा-गाद्यांसकट सगळे विषाणू मरतील म्हणते. करून घेऊ?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: नको. घरात अशी फवारणी नेहमीची म्हणून करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० सालीच सांगितलं होतं. धूर वरवर बसतो, उशीच्या मागे, गादीखाली पोचत नाही आणि डोळे-छातीला त्रास होतो. निळ्या-जांभळ्या लाइटच्या त्या यूव्ही कांड्या पण कापडाच्या विणीत आत शिरत नाहीत. पैसे ठेवा.

प्रश्न: वडिलांना कोविड झाला होता तेव्हापासून धास्ती बसलीय म्हणून या पावसात त्यांची गादी आणि दिवाणाचा गालिचा शॅम्पू लावून धुतला. आता खोलीत कुबट वास येतो आणि त्यांना दम्यासारखी धाप लागते. वासासाठी काय मारू?
(एक वाचक, साखळी)

उत्तर: काही मारू नका, आधी वडिलांना दुसऱ्या खोलीत हलवा आणि डॉक्टरांना दाखवा, धाप अंगावर काढायची नसते.

तो वास बुरशीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतच ८० टक्क्यांच्या वर ओलावा, त्यात गादीच्या पोटात गेलेलं पाणी बाहेर कसं पडणार. कापडी वस्तू भिजली की २४ ते ४८ तासांत ठणठणीत कोरडी व्हायला हवी, नाहीतर बुरशी धरतेच. वरून हात लावलात तर कोरडी वाटेल, म्हणून गादी उलटी करून मधोमध तळहात दोन मिनिटं दाबून ठेवा, गार लागली तर आत ओल आहे. शिवण थोडी उसवून बघा, कापसावर किंवा काथ्यावर काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती गादी गेली, अत्तर, डांबरगोळ्या, कशानेच वाचणार नाही, टाकून द्या. गालिच्याला फक्त वरवर असेल तर बाहेर ओसरीवर नेऊन, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा आणि ऊन पडेल तेव्हा दोन्ही बाजूंनी चांगलं कडकडीत वाळवा. खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर, नाहीतर पंखा सतत.

पावसाळ्यात गादी-गालिचा धुवायचाच नाही, हे सगळ्याच वाचकांना सांगते. गादीवर धुता येणारी खोळ, वर चादर, आठवड्याला दोन्ही मशीनमध्ये, एवढं चार महिने पुरतं, मोठी धुलाई दिवाळीआधी कोरड्या उन्हात.

प्रश्न: टॅक्सी चालवतो, विमानतळावरची भाडी. सीट कव्हर कापडी चांगली की रेक्झिन? खोकणारे खूप बसतात.
(एक वाचक, वास्को)

उत्तर: रेक्झिन घ्या भाऊ. विषाणू त्यावर जास्त वेळ टिकतो हे खरं, पण एका भाड्यानंतर साबणाच्या फडक्याने अर्ध्या मिनिटात पुसून होतं, कापडी कव्हर दिवसातून तीनदा कोण काढून धुणार. दाराची आतली हँडलं, खिडकीची बटणं, बेल्टचा बक्कल त्याच फडक्याने पुसायचं आणि पट्टा पूर्ण बाहेर ओढून. एसीचं रिसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा घ्या, मागच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, आणि मास्क तुम्ही स्वतः लावा, दिवसभर त्या गाडीत तुम्हीच बसलेले असता. उलटी झाली तर वर पेडण्याच्या वाचकांना सांगितलंय तसंच, आणि त्या दिवसाची पुढची भाडी सोडून द्या.