टाइलवरचा ओरखडाही नोंदवायचा का?

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता असून पिंपरी-चिंचवड परिसरात नव्या फ्लॅटची ताब्यापूर्वीची तपासणी करून देतो. तपासणीला ग्राहक बहुधा सहकुटुंब येतात आणि हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून रंगातले ब्रशचे माग, टाइलच्या छटेतला फरक, दाराच्या लॅमिनेटवरचा चरा यांवरच बोट ठेवत राहतात. मला बाथरूमचे उतार, अर्थिंग, भिंतीतली ओल तपासायची असते. ‘हे किरकोळ आहे’ असे म्हटले की ते दुखावतात. एकांनी तर ‘तुम्ही बिल्डरची बाजू का घेता?’ असेही विचारले. सगळे लिहीत बसलो, तर अहवाल इतका फुगतो की साइट इंजिनिअर तो गांभीर्याने वाचतच नाही. अशा वेळी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे; पण एखादी गोष्ट किरकोळ आहे की नाही, हे ठरवण्याचे काम तपासनीसाचे नाही, हे आधी मान्य करावे लागेल. ज्या कुटुंबाने आयुष्यभराची पुंजी आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते या घरात घातले आहेत, त्याला अर्थिंग दिसत नाही, रंग दिसतो. म्हणून ते रंगाबद्दल बोलते. त्यांनी दाखवलेली प्रत्येक गोष्ट तुम्ही पाहिली आणि लिहून घेतली एवढे त्यांना दिसले, तरी निम्मा ताण तिथेच ओसरतो.

दुसरी बाब कायद्याची आहे, आणि माझ्या मते ती तुमच्या विचाराची दिशाच बदलणारी आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांमधील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणजे बाथरूममधून खालच्या मजल्यावर पाणी झिरपू लागले, तर ग्राहकाकडे मुदत आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटचा कोपरा उडालेला असेल किंवा खिडकीच्या काचेवर ओरखडा असेल, तर मात्र सामान घरात आल्यानंतर ‘हे तुमच्याच माणसांकडून झाले’ या उत्तरापुढे ग्राहकाजवळ काहीही पुरावा उरत नाही. वरवरच्या दोषांसाठी खऱ्या अर्थाने एकच दिवस असतो, आणि तो तुमच्या तपासणीचा असतो. त्यामुळे ते नोंदवणे हा तुमच्या कामाचा भागच आहे.

तिसरे, आणि इथे तुमचे शिक्षण उपयोगी पडते : तपासल्याशिवाय कोणत्याही खुणेला वरवरची म्हणू नका. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर स्कर्टिंगच्या वर रंगाला हातभर लांबीचे फुगे आले आहेत, आणि ग्राहक ‘रंग नीट लावलेला नाही’ म्हणत आहेत, असे समजा. तिथे ओलमापक आधी फुग्याजवळ, मग त्याच रेषेत तीन फूट वर आणि शेवटी त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर लावा. खाली ओल आणि वर कोरडे असेल, तर पलीकडच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी साठवा आणि काही तासांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला, तर ग्राहकाने रंगाची तक्रार करता करता जलरोधनाचा दोष दाखवून दिलेला असतो. भिंतीवर पांढरा लोणा दिसला, तरी हाच मार्ग धरावा. टाइलवर दाराने काढलेला कमानीसारखा चरा म्हणजे दार खाली उतरले आहे किंवा चौकट ओळंब्यात नाही. एखादी टाइल सांध्याच्या कडेने गडद दिसत असेल, तर लाकडी दांडीने ठोकून ती पोकळ वाजते का ते पाहावे.

भेगांबाबत ग्राहक सर्वाधिक घाबरतात, आणि तपासनीस सर्वाधिक घाईने त्यांना ‘हेअरलाइन’ म्हणून टाकतात. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी 25 या पुस्तिकेत 1 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, 1 ते 2 मिलिमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती रुंद, अशी वर्गवारी आहे. पण केवळ रुंदीवरून निष्कर्ष काढू नये. जिप्सम प्लास्टरवरचे जाळीसारखे बारीक तडे, तुळईच्या खालून ब्लॉकच्या भिंतीला समांतर गेलेली आडवी रेघ आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुधा प्लास्टर आकसल्याने येते. दुसरी काँक्रीट आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर जाळी नीट न बसवल्याने. तिसरीसाठी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ती आरपार आहे का, हे पाहावेच लागते.

आता व्यत्ययाबद्दल. कामाचा क्रम आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवा : आधी पाणी, वीज, ओल आणि उतार, त्यानंतर सगळ्यांनी मिळून रंग-फरशीची फेरी. घरात शिरताच मास्किंग टेपचे एक रिंगण त्यांच्या हाती द्या आणि खटकेल तिथे तुकडा चिकटवायला सांगा. तुम्ही आरसीसीबीचे (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) बटण दाबून ती ट्रिप होते का ते पाहत असताना कुटुंब हॉलमध्ये तुकडे लावत असते, कोणी कोणाला थांबवत नाही, आणि नंतरच्या फेरीत एकही तुकडा सुटत नाही.

मोजण्याचे माप मात्र आधी ठरवून घ्यावे. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरला, तर कोणत्याही भिंतीवर लाटा दिसतात. ओलीचा फुगवटा शोधायला तो उपयोगी आहे, रंगाचा दर्जा ठरवायला नाही. ब्रिटनमध्ये नव्या घरांना हमी देणाऱ्या एनएचबीसी या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार भिंत, छत आणि फरशी दिवसाच्या उजेडात 2 मीटर अंतरावरून पाहिली जाते. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण असा काही निकष दोन्ही पक्षांसमोर ठेवला, तर वाद माणसांमधला राहत नाही. छटेच्या तक्रारीत ग्रॅनाइट-संगमरवर वेगळे काढावेत, कारण नैसर्गिक दगडात फरक असणारच. व्हिट्रिफाइड टाइलच्या खोक्यावर मात्र बॅच आणि शेड छापलेली असते, आणि एकाच खोलीत दोन शेडच्या टाइल बसवल्या असतील, तर ती बदलून मागण्याजोगी चूक आहे.

अहवाल लांबतो, ही तक्रार मांडणी सुधारून सुटेल. पहिल्या पानावर ताब्यापूर्वी दुरुस्त व्हायलाच हव्यात अशा बाबी घ्या. वरवरचे दोष शेवटी, रंगारी, फरशीवाला, सुतार अशा कारागिरांप्रमाणे लावा, कारण साइट इंजिनिअर ती कामे तशीच वाटून देतो. ‘हॉल, पश्चिम भिंत, खिडकीच्या डावीकडे, जमिनीपासून चार फुटांवर’ असे नेमके लिहून छायाचित्र जोडा. आणि क्रम सुचवायला विसरू नका : गळतीसाठी टाइल फोडायची असेल, तर रंगाचे काम त्यानंतरच व्हावे, आणि रंगाचा ठिपका न मारता भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी, नाहीतर दुरुस्तीच डोळ्यांत खुपते.

ताबा घ्यावा की थांबावे, याबद्दल मात्र मत देऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेण्याची जबाबदारी त्याच अधिनियमाच्या कलम 19(10) ने ग्राहकावर टाकली आहे, तेव्हा केवळ लॅमिनेटच्या चऱ्यासाठी तो अडवण्यापूर्वी त्यांनी वकिलाशी बोलावे, एवढे सुचवणे पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही नेमलेल्या तपासनीसाने ‘रंग आणि फिनिशिंग आमच्या कामात येत नाही’ असे ऐनवेळी सांगितले. आता ती यादी आमची आम्ही करून चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अवश्य चालेल. काय तपासले जाणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी मागायला हवे होते. तुमच्या यादीचे वजन मात्र त्यामुळे कमी होत नाही. आधी करारनाम्याला जोडलेले सुविधांचे परिशिष्ट वाचा. अनेक करारनाम्यांत, तापमानातील 20 अंशांहून अधिक चढउतारामुळे भिंतींवर येणाऱ्या बारीक भेगा हा दोष मानला जाणार नाही, असे कलम असते. ते तुमच्या करारात आहे का, ते पाहून घ्या. पाहणी सकाळी उशिरा, खिडक्या उघडून करा. काचा, स्लायडिंगच्या पट्ट्या आणि दारांवरची संरक्षक फिल्म तुमच्यासमोर काढायला लावा, कारण ओरखडे तिच्याखालीच राहून जातात. ताबापत्रावर ‘घर पाहून पूर्ण समाधानी आहे’ असे छापलेले असेल, तर ‘सोबतच्या यादीतील बाबी वगळून’ असे हाताने लिहून मगच सही करा, यादीच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि तीच यादी त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा.